‘चाओ’ कुठून आला

इटलीतल्या त्या मुलाला जावई करायचं की नाही, हे माझ्या सासऱ्यांवर, आबांवर येऊन अडलं होतं. लेक तिकडे नोकरीला गेली आणि तिथलाच जोडीदार पसंत करून बसली. आम्ही नवराबायको आधी भांडलो, मग रडलो, मग राजी झालो. पण लेकीचं एकच, "आबा नाही म्हणाले तर नाही." आबा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. माझा नुसता जीव टांगणीला.

शेवटी एका रविवारी पिंप्राळ्याला आबांच्या घरी जाऊन लेकीला व्हिडिओ कॉल लावला. आबा टोपी घालून खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर लेकीशेजारी तो उंच मुलगा आला, हसला आणि म्हणाला, "चाओ, आबा!"

"काय बोलना तो?" आबांनी विचारलं.

नमस्कार म्हणाला, एवढं सांगून संपवावं की नाही? पण पडली माझीच मुलगी, जिभेला हाड नाही. "आबा, व्हेनिसकडचे लोक पूर्वी भेटले की 'मी तुमचा गुलाम' म्हणायचे. त्यातला गुलाम हा शब्द झिजून झिजून चाओ झाला. आता कुणाच्या मनातही येत नाही ते."

गुलाम हा शब्द, आणि तोही आबांपुढे! आबांचं अर्धं आयुष्य सालदारकीत गेलेलं. धुळ्याकडे एका मळ्यात वर्षाच्या बोलीवर राबायचे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकाच्या ओट्याखाली हात जोडून उभं राहायचं, पुढच्या साली ठेवतो की काढतो ते ऐकायला. त्या दिवसांबद्दल घरात कुणी शब्द काढलेला त्यांना खपत नाही.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लेकीचा चेहरा उतरला. मला तिचा इतका राग आला की वाटलं, फोनच बंद करावा.

"कोना गुलाम शे तो?"

"कुणाचाच नाही, आबा. नुसती बोलायची रीत आहे."

"रीत मले मालूम शे." आबा फोनजवळ वाकले आणि नातीला म्हणाले, "तेले सांग, मले असं बोलू नको म्हना. जवाई शे तो या घरना."

लेकीला ते त्याच्या भाषेत सांगताच येईना, ती नुसती रडत होती. तो बिचारा पांढराफटक पडला आणि मोडक्या मराठीत मलाच विचारत राहिला, "आबा नाही? आबा नाही?"