थंडीनं जळालेली तूर

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला, की साठ सालानंतरचा एक हिवाळा आठवतो. कडाक्याच्या थंडीनं गावची तूर एका रात्रीत काळी पडली होती. गावातला पहिला बी.ए. मी, म्हणून शेतसारा माफीचा अर्ज मीच ऐटीत लिहिला : ‘पीक पूर्ण जळाले आहे.’ महिन्यानं कचेरीतून उत्तर आलं, ‘आगीचा पोलीस अहवाल जोडावा.’ चावडीवर लोक भडकले. “थंडीनंही पीक जळते, एवढं साहेबाले समजत नाही काय?” शेजारची म्हातारी माझ्याकडे वळली. “साहेब कधी वावरात गेला नाही, बापू. तू तं गेलता ना? मंग थंडीनं जळालं, असं काहून नाही लिवलं?” लोक सरकारला शिव्या देत राहिले. दुसरा अर्ज पोचेस्तोवर सारा वसूल झाला होता. पदवीचा अभिमान मला आजही आहे. पण तेव्हा चूक माझीही होती, हे मी चावडीवर बोललो नाही.