सिस्टरचं आजारी झाड

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना मी तेवीस वर्षं ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, निवृत्त झाल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑर्किड वाढवत. एवढंच मला ठाऊक. एका फुलाचे पराग टूथपिकने दुसऱ्याला लावून त्यांनी स्वतःचा एक संकर केला होता. बी बाटलीत रुजल्यापासून सात वर्षांनी त्याला पहिली कळी आली.

नेमकं तेव्हाच त्यांना आठवडाभर बहिणीकडे जावं लागलं. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. पाण्यावर थांबलो असतो तर बरं. पण नसता शहाणपणा करून मी साऱ्या झाडांच्या वाळक्या दांड्या कापून ठेवल्या.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "दर झाडानंतर कात्री गॅसवर तापवलीत ना?"

कात्री तापवायची असते, हेच मला तेव्हा कळलं.

"भाऊ, एका सुईने अख्ख्या वॉर्डाला इंजेक्शन दिलंत की हो!" त्या हसल्या, पण डोळे खिडकीकडेच होते.

दोनेक महिन्यांत नेमकी त्या संकराच्याच पानांवर काळपट वलयं उमटली. विषाणू. औषध नाही, झाड टाकायचं, नाहीतर बाकीची जातात. आणि फूल तर नुकतंच उमललेलं, पिवळं, ओठासारख्या खालच्या पाकळीवर जांभळी रेघ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बियांत हा रोग सहसा उतरत नाही," त्या म्हणाल्या. "शेंग पिकेपर्यंत याला वेगळं ठेवू. तुमच्याकडे दुसरं झाड नाही ना?"

"मनीप्लांटसुद्धा जगलं नाही माझ्याकडे."

"मग झालं तर! तुमची खोली आयसोलेशन वॉर्ड."

निरोगी झाडाचे पराग त्यांनी त्या फुलाला लावले आणि टूथपिक मोडून टाकली. सहा महिने ते झाड माझ्या टेबलावर होतं. रोज संध्याकाळी त्या खाली येत, चष्मा पुसून शेंग बघत. कुठलंही पान हाताने शिवत नसत. मला मात्र एकदाही बोल लावला नाही.

शेंग पिकायच्या आत त्या झोपेतच गेल्या. बी त्यांच्या भाचीने बाटल्यांत पेरलं. परवा दाखवायला आणलं होतं. मोहरीहून बारीक, पण हिरवं आहे.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "शेंग पिवळसर दिसली की लगेच हाक मारा. फुटली तर बी उडून जाईल."

"मारतो."

"आणि वर येताना हात धुऊन या."

"साबणाने?"

"नाहीतर कशाने, भाऊ?"