टाकी गप्प झाली तेव्हा

धुलाईच्या कारखान्यात दोघी जावा कामाला होत्या. धाकटी चादरी धुण्याच्या दालनात, तर थोरली पलीकडच्या खोलीत गरम पाण्याच्या टाकीवर. पाणी तापू लागलं की टाकी गुणगुणायची आणि त्यावरून थोरली बर्नर कमी-जास्त करायची. पण काही महिन्यांपासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. काम जाईल या धास्तीने तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्या सकाळी टाकी आधी नेहमीपेक्षा जोरात कुरकुरली आणि मग एकदम गप्प झाली. थोरलीने तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा तर नेहमीच्याच खुणेवर होता. मग टाकी गप्प झाली, की आपला उजवा कानही गेला? तिने पान्याने पत्र्यावर टकटक केलं. रोज ठणठण वाजणारा पत्रा आज भद्द वाजला. पाण्यात वाफेचे बुडबुडे दाटले की ते आवाज गिळतात, हे जुन्या मिस्त्रीने तिला दाखवलं होतं. पण आता स्वतःच्या कानांवर विसंबायचं कसं?

बर्नर बंद करून ती दारातून ओरडली, "अगं, पटकन ये!"

"काय हो जाऊबाई? चादरींवर गरम पाण्याचा नळ सोडायची वेळ झालीय."

"हे ऐक. कसं वाजतंय?"

धाकटीने मान वाकवली. "भद्द. गादीवर धपाटा मारल्यासारखं."

"तुलाही तसंच ऐकू येतंय?"

"म्हणजे? तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"ते नंतर. आधी पळ, कुणाला नळाला हात लावू देऊ नकोस. टाकीतलं पाणी उकळतंय!"

धाकटी धावली. थोरली उजवा कान दाराकडे करून उभी राहिली. पलीकडून कुणी किंचाळलं का, तेही तिला धड कळेना. शेवटी धाकटी धापा टाकत परतली. कुणालाही भाजलं नव्हतं. मिस्त्रीने येऊन पाहिलं, तर काटा अडकलेला आणि बर्नर आपोआप बंद करणारी कळ जळालेली.

डबा खाताना धाकटीने विचारलंच, "कान कधीपासून?"

"बरेच महिने झाले गं."

"भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेता, आणि हे सांगितलं नाहीत?"

थोरलीला हसू आलं, पण तिने डबा अर्ध्यातच बंद केला.

संध्याकाळी दोघी मुकादमाकडे गेल्या आणि थोरलीने कानाचं सांगून टाकलं. त्याने टाकी धाकटीकडे सोपवली आणि थोरलीला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. कानाच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं आहे. धाकटीने सोबत जायला रजा टाकली, थोरलीला मात्र आतापासूनच झोप लागत नाही.