डॉक्टरमावशींचं तबक

मी एका धडधाकट बाईला आजारी पाडलं. तेही नुसत्या जिभेने. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरी किचनमध्ये उभा राहून मी माझ्या मुलीला सांगितलं, "सई, डॉक्टरमावशींना बरं नाही गं. त्या लग्नाला नाही येऊ शकणार." त्या घटकेला डॉक्टरमावशी वेल्समध्ये, कार्डिफला आपल्या फ्लॅटमध्ये बहुधा शेजारणीला पत्त्यांत हरवत असतील. वय नव्वदीच्या पुढे, आणि गुडघे माझ्यापेक्षा बरे.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. साठच्या दशकात मिरजेहून कार्डिफला आलेल्या त्या भूलतज्ज्ञ, आणि माझे बाबा त्यांच्याच हॉस्पिटलात. माणसांना सगळेच ओवाळतात, पण मावशी जगात जे जे नवं येई त्याला ओवाळून घरात घेत. मी दहा वर्षांचा असताना त्यांच्याकडे कपडे धुण्याचं ऑटोमॅटिक मशीन आलं. त्याला कुंकवाचं बोट, वर अक्षता, मग तबकातलं निरांजन तीनदा गोल. आई हसत म्हणाली, "अहो, पण ओवाळणी कोण घालणार?" मावशी म्हणाल्या, "घातली की! याने मला माझा रविवार परत दिला. कुठल्या भावाने बहिणीला रविवार दिलाय?"

माझा पहिला कॉम्प्युटरही असाच पवित्र झाला. अक्षतांमधला एक तांदूळ स्पेस बारखाली गेला आणि शब्द एकमेकांना चिकटायला लागले. मी रडकुंडीला आलो. "असू दे रे मिलिंदा," मावशी म्हणाल्या, "एवढं डोकं चालवायचं तर त्यालाही भात नको?" वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली तेव्हा त्यांनी टीव्हीला ओवाळलं. बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या कपाळावर नेमकं कुंकू लावलं, पण तेवढ्यात हवामान सुरू झालं आणि ते कुंकू थेट स्कॉटलंडवर जाऊन बसलं. आठवडाभर आम्ही स्कॉटलंडला सौभाग्यवती म्हणत होतो.

सरसकट सगळ्याला मात्र मान नव्हता. सुपरमार्केटमध्ये आपलं आपणच बिल करायची यंत्रं आली, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "मावशी, तबक आणू का?" त्या फणकारल्या, "माणसाने माणसाशी बोलू नये म्हणून केलेली वस्तू. ओवाळायची कसली, दृष्ट काढून टाकायला हवी."

मावशींचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हा मराठी मंडळातल्या एका बाईंनी हळूच सुचवलं की आता मावशींनी ओवाळू नये, बरं दिसत नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ज्योतीला माझं कपाळ दिसत नाही. आणि हे बघा, झोपवणं हाच माझा धंदा आहे. रूढीला किती डोस लागतो, ते मला ठाऊक आहे." पुढे त्याच बाईंच्या नातवाला बारशाच्या दिवशी पहिलं त्यांनीच ओवाळलं. बाई ताट धरून उभ्या होत्या.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरीही सईचं बेथनशी लग्न ठरलं आणि माझं धाबं दणाणलं. सई म्हणाली, "डॅड, घोडा नको, बँड नको, nothing. फक्त मावशीआजीने आम्हाला ओवाळायला पाहिजे." दोन मुलींचं लग्न, त्यात मावशी म्हणजे मंडळाचं चालतंबोलतं वर्तमानपत्र! मी स्वतःला समजावलं की नव्वदीतल्या बाईला असला धक्का बरा नव्हे. मग सईला सांगितलं की मावशी आजारी आहेत, आणि मावशींना काहीच सांगितलं नाही. लग्न छान झालं. सईने फोटोत मावशींसाठी एक खुर्ची रिकामी ठेवायला लावली. त्या खुर्चीकडे मी अजून नीट बघू शकत नाही.

महिन्याने दोघीजणी आजारी मावशीआजीला भेटायला सूप घेऊन कार्डिफला गेल्या. दुपारी मला फोन आला.

"मिलिंदा, मी आजारी होते म्हणे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय झालं होतं रे मला? डॉक्टर आहे मी, निदान निदान तरी सांग. सूप चांगलं होतं हो. शनिवारी ये. दोघींनाही बोलावलंय."

शनिवारी मी भारी साडीचा खोका घेऊन पोचलो. दोघी सोफ्यावर ताठ बसलेल्या, बेथनने कपाळावरचे केस मागे घेतलेले, तबक तयार. वृद्धांसाठीच्या त्या इमारतीत ज्योत पेटवायला बंदी आहे. वॉर्डनने मावशींना बॅटरीचा दिवा आणून दिला होता. "तो मी बॅटरीच्या मोटारीसाठी राखून ठेवलाय," असं म्हणून मावशींनी तुपाची वात पेटवली. पहिला फेरा पुरा होतो न होतो तोच अलार्म कोकलायला लागला. पाच मिनिटांत अख्खी इमारत सपाता घालून कार पार्कमध्ये. मावशी तबकासकट.

वारा ज्योत टिकू देईना. मग समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी आपला ड्रेसिंग गाऊन आडोशाला धरला, पाठोपाठ चार आज्यांनी शाली धरल्या, आणि त्या तंबूत मावशींनी दोघींना ओवाळलं. तेवढ्यात फायर इंजिन आलं. उतरली ती एक उंच बाई, डोक्यावर हेल्मेट. "Who lit the fire?" मावशी आनंदाने ओरडल्या, "अगं, तू बाई आहेस! मिलिंदा, तिला हेल्मेट काढायला सांग." तिलाही कुंकू लागलं. ती मावशींना रागवली, पण अक्षता झटकल्या नाहीत. सई हसून हसून बेथनच्या खांद्यावर कोसळली होती.

"आता ओवाळणी," मावशी माझ्याकडे वळल्या. मी खोका पुढे केला. त्यांनी तो कोपराने बाजूला सारला. "वॉशिंग मशीनने यापेक्षा जास्त दिलं होतं रे."

माझे डोळे भरून आले. "मावशी, माफ करा मला."

"माझी कसली मागतोस? मी बरी झाले. तिकडे बघ."

मी वळलो. सगळे सपातावाले ऐकत होते. आधी बेथनची इंग्रजीत माफी मागितली, कारण तिचा तर काहीच दोष नव्हता. मग सईचा हात धरला.

"मावशींना झेपणार नाही, असं मी धरून चाललो, सई. झेपत मला नव्हतं. मी लोकांना भ्यालो आणि नाव त्यांच्या वयाचं पुढे केलं. तुझ्या मावशीआजीची खुर्ची मी रिकामी ठेवली. चुकलं माझं, बाळा."