हवा बघून घे

आमच्या गाडीत स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर एक पिवळा दिवा कायम लागलेला असतो. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. शेजारी बसणारा प्रत्येक जण विचारतो, हा कसला दिवा? चाकातली हवा कमी झाली की लागतो, मी सांगते. मग तो माणूस उतरून चारही चाकं दाबून बघतो, चाकं टणक लागतात, आणि दिवा दुरुस्त करून घ्या असा सल्ला देऊन परत बसतो. मी हो म्हणते आणि गाडी सुरू करते.

गाडी माहेरची. मी मुठ्याची, दिलेली नेऱ्यात. नेरे आता गाव कमी आणि कंपन्यांतल्या पोरांचं वसतिगृह जास्त झालंय. आम्हीही शेताच्या एका कडेला खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. माहेरी आई, धाकटा भाऊ आणि त्याचा संसार. या भावाला मी कडेवर वागवलाय. मी शाळा सुटली की दप्तर टाकायची आणि त्याला उचलायची, आई रानातून येईपर्यंत तो माझाच असायचा. हे मी त्याला वर्षातून दहादा ऐकवायची आणि तो हसायचा.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. पुढं भावाला विहिरीजवळचं रान बंगलेवाल्यांना विकायचं झालं. अशा वेळी आमच्याकडे बहिणीनं काय करायचं ते कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. पौडला जायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, अंगठा उठवायचा, फोटो काढून घ्यायचा आणि भावाच्या घरी येऊन पुरणपोळी खायची. निघताना साडी मिळते. कायद्यानं मला काय मिळत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, मी काही अडाणी नाही. पण हिस्सा मागितलेल्या बहिणींची माहेरं मी बघितलीत. त्यांना दारात पाणी विचारतात, चहा विचारत नाहीत. मला माहेर हवं होतं. तिथं आई होती. मी सही केली आणि पुरणपोळीही दोन खाल्ल्या.

साडी मात्र मिळाली नाही. भाऊ म्हणाला, साडीवर बोळवण करायला तू काय परकी आहेस का. त्या भाऊबीजेला तो आमच्याकडे आला, मी ओवाळलं आणि त्यानं ताटात गाडीची किल्ली टाकली. स्वतःला नवी घेतली होती, ही आधीची. पण काय गाडी होती! पांढरी, उंच, काचेचं छप्पर उघडणारी. मी ताट हातात धरून रडले. आमच्या आळीत बायका आठवडाभर माझ्या भावाबद्दल बोलत होत्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. त्यांच्या भावांनी त्यांना साड्याच दिल्या होत्या.

गाडी शिकले मी. आमच्या ह्यांना गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही, म्हणून मीच शिकले, पन्नाशीला आलेली बाई. हिंजवडीच्या गर्दीत रडत रडत शिकले. भावानं पहिल्याच दिवशी पडदा दाखवला होता. त्यावर गाडीचं चित्र आणि चारही चाकांपुढे हवेचे आकडे. हवा कमी झाली तर इथं पिवळा दिवा लागतो, तोवर चाकांची काळजी करायची नाही, म्हणाला. निघण्याआधी मी देवाला हात जोडायची आणि मग ते आकडे बघायची. चारही आकडे कायम सारखे. इतकी नेटकी गाडी आहे, असं मला वाटायचं.

आई गाडीत बसली की तिचं एकच चालायचं. पिरंगुटचा पेट्रोल पंप दिसला की म्हणायची, हवा बघून घे. आता माझ्या आईला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. साइड देताना बत्ती उघडझाप करते त्याला ती गाडीनं डोळा मारला म्हणते. मी तिची थट्टा करायची. म्हणायची, अगं, हवा गाडीच बघते, हा बघ आकडा. ती पडद्याकडे बघायचीच नाही. तरी बघून घे, म्हणायची. मी कधी थांबले नाही. आकडे समोर असताना कशाला थांबायचं?

एका सकाळी तिला डोळे तपासायला कोथरूडला नेत होते. मुठ्याहून निघालं की खिंड चढायची आणि पलीकडे उरवड्याकडे उतरायचं. उतारावर गाडी डावीकडे ओढायला लागली. डावीकडे दरी. मला वाटलं, रस्ता खराब आहे. पडद्यावर पाहिलं, आकडे सारखे, दिवा नाही. मग गाडी थडथडायला लागली, रबर जळाल्याचा वास आला आणि वळणावर स्टिअरिंग माझ्या हाताला जुमानेना. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी कठड्याच्या दगडांपाशी थांबली. पुढच्या डाव्या चाकाचा टायर फाटून रिमभोवती चिंध्या झाल्या होत्या. आईनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते ती सोडत नव्हती.

मी भावाला फोन केला. तो मोटारसायकलवर आला. डिकी त्यानं उघडली, मला पुढं येऊ दिलं नाही, तू आईपाशी बस म्हणाला. स्टेपनी काढली, चाक बदललं, हात पुसले आणि आईसमोर मला म्हणाला, "आक्का, टायर बसला तरी तुला कळलं न्हाई? ध्यान कुटं असतं तुजं?"

दिवा लागला नव्हता असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, लागला असेल, तू बघितला नसशील. आई चष्मा पदरानं पुसत बसली होती. तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. आपल्या हातून आई दरीत जाणार होती, हाच विचार. त्यानंतर कितीतरी महिने मी खिंडीचा रस्ता धरला नाही. माहेरी जायचं तर एसटीनं, नाहीतर नाही. गाडी आमच्या दारात धूळ खात उभी. भावाचा फोन आला की तो हसत विचारायचा, काय ड्रायव्हर? मीही हसायची. मला हसू येत नव्हतं.

पुढच्या थंडीत आमच्या ह्यांनी मला बळेच गाडीत बसवलं. गुडघ्यावर औषध देणाऱ्याकडे कासार आंबोलीला जायचं होतं. घोटवडे फाट्यापर्यंत नीट गेले आणि पडद्यावर दिवा लागला. पहिल्यांदाच. चारही आकडे उतरलेले, तेही सारखेच. एका दमात चारही चाकं कशी बसतील, असं हे म्हणत होते, मला ऐकू येत नव्हतं. पुढच्या पंक्चरच्या टपरीवर गाडी घातली. चारही चाकांत हवा बरोबर निघाली. पंक्चरवाला म्हणाला, स्टेपनीची पण बघू. फाटलेल्या चाकाला नवा टायर घालून भावानंच डिकीत ठेवलेली स्टेपनी त्यानं उचलली. तिच्याखाली खताच्या गोणपाटात गुंडाळलेला पाइपाचा हातभर तुकडा होता.

करडा, जाड पाइप. दोन्ही तोंडं टोपणं चिकटवून बंद केलेली आणि एका टोपणाला हवा भरायचा व्हॉल्व. हलवला की आत काहीतरी खुळखुळत होतं. पंक्चरवाल्याला हसू आवरेना. त्यानंच सांगितलं. चाकाच्या आत एकेक बारकं यंत्र असतं, ते हवा मोजून पडद्याला कळवतं. ती चारही यंत्रं कोणीतरी चाकांतून काढून या पाइपात घातली होती आणि पाइपात हवा भरून ठेवली होती. चाकं फुटली तरी दिवा लागायचा नाही. आज लागला तो पाइपातली हवा उतरली म्हणून.

कोणीतरी कोण, ते मला विचारावं लागलं नाही. पाइपावर लाल ऑइलपेंटचा पट्टा होता. विहिरीपासून भाताच्या खाचरापर्यंत पाणी न्यायला वडिलांनी असले पाइप आणले होते आणि शेजाऱ्याच्या पाइपांत मिसळू नयेत म्हणून एकेकाला स्वतः पट्टा मारला होता. डबा मी धरला होता. माझ्या परकराला लागलेला तो रंग कधी निघाला नाही.

मी औषधवाल्याकडे गेले नाही. ह्यांना म्हटलं, बसून राहा. पाइप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तशीच खिंड चढून मुठ्यात गेले. सगळ्या रस्त्यानं दिवा पेटलेला आणि मला भीती म्हणून वाटली नाही, इतकी मी संतापले होते. भाऊ अंगणात होता. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पाइप त्याच्या पायापाशी ठेवला.

त्यानं नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. रिम खड्ड्यात वाकली होती, तिथून हळूहळू हवा जायची, दिवा सारखा लागायचा. गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक तो दिवा बघून परत गेलं होतं. मग त्याला माझी आठवण झाली.

"दिवा दिसला असता तर तू घेतली असतीस का गाडी?" तो म्हणाला. "तुला कायतरी मोठं द्यायचं हुतं मला. साडी दिली असती तर गावानं तोंडात श्यान घातलं असतं माज्या."

म्हणजे गावासाठी. मी इतकी वर्षं ज्याला प्रेम समजले ते गावाला दाखवायला होतं. तरी तेही मी गिळलं असतं. बहिणी बरंच गिळतात. पण खिंडीतला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जाईना. चिंध्या झालेल्या टायरापाशी उभं राहून, सगळं माहीत असून, त्यानं मला विचारलं होतं, ध्यान कुठं असतं.

मी म्हटलं, "आई बसली हुती त्या गाडीत. जन्माच्या आईचा तरी इचार करायचा."

भावानं आईकडे पाहिलं. "आईला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तिच्याम्होरंच कापलाय पाइप."

मी वळले. आईचा हात सुपात थांबला होता. मला वाटलं, ती नाही म्हणेल. निदान रडेल. ती सुपातला एक खडा शोधून अंगणात टाकत म्हणाली, "मी म्हनत नव्हते का, हवा बघून घे म्हनून?"

मी तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही. घरी येऊन पाइपाच्या व्हॉल्वची पिन नखानं दाबून धरली. उरलीसुरली हवा फुसकन गेली आणि पाइप पुन्हा डिकीत टाकला. तेव्हापासून तो दिवा लागलेला आहे. दर दोन दिवसांनी मी स्वतः गेज लावून हवा बघते. रिम बदलून घेतली. ती यंत्रं पुन्हा चाकांत बसवता येतात, हे म्हणतात, पण मला बसवायची नाहीत.

भाऊबीजेला मी भावाला ओवाळते. तो ताटात साडी ठेवतो, मी ती नेसत नाही. आईचे डोळे तपासायचे असतात, म्हणून तिला मीच नेते, दुसरं कोण नेणार. ती शेजारी बसते, पट्टा लावते, समोर पिवळा दिवा जळत असतो. तिची नजर अधू झाली आहे, पण तेवढं तिला दिसतं. पिरंगुटचा पंप येतो, जातो. ती काही म्हणत नाही. मी वाट बघत असते, एकदा तरी म्हणेल म्हणून.