मामा पेशंट झाले तेव्हा

यवतमाळला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला टीमवर्क शिकवण्यात आलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं त्या दिवसांत सारखी वॉर्डात येत होती. पुण्याकडून नव्यानेच आलेल्या आमच्या सरांनी ठरवलं की खोटा पेशंट झोपवून सराव घ्यायचा. विचार चांगला होता, पण शिकणारे आम्ही होतो.

पेशंट केलं वॉर्डातल्या मामांना. एरवी पेशंटचे कपडे काढणं, अंग धुणं, स्ट्रेचर ढकलणं, सगळं मामाच करायचे. फवारणीचं औषध म्हणून त्यांच्या शर्टावर तांब्याभर पाणी ओतलं.

होऊ घातलेले डॉक्टर उशाशी, आम्ही नर्सिंगच्या मुली पायथ्याशी. एक जण छताकडे बघत म्हणाला, "ॲट्रोपिन द्या." विषावरचं हे इंजेक्शन कोणी द्यायचं, ते छतानंच ठरवायचं बहुधा. दुसऱ्यानं तेच आणखी मोठ्यानं सांगितलं. मामा कण्हत होते, "शर्ट काढा ना माहा, आंग धुवा." "काय भारी ॲक्टिंग करतात मामा!" म्हणून सगळे खिदळले. शर्ट कोणीच काढला नाही. ते काम मामांचं, आणि मामा तर पेशंट! शेवटी सरांनी टाळ्या वाजवल्या. या शहाण्यांची मला किळस आली. मीही हाताची घडी घालूनच उभी होते, हे मात्र सोयीनं विसरले.

पंधरा दिवसांनी मारेगावकडून खराखुरा फवारणी करणारा मजूर आणला. तोंडाला फेस, शर्ट औषधानं चिंब. बायको त्याच्या चपला छातीशी धरून उभी. टीम तीच. मामा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेले होते. इंजेक्शनं गेली, सलाईन लागलं, शर्ट मात्र अंगावर तसाच. विष कातडीतून आत जातं, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा श्वास अडकत होता आणि मी दाराकडे बघत मामांची वाट पाहत होते. कात्री माझ्याच खिशात होती.

मामा आले. सिलिंडर टेकवला, माझ्या खिशातली कात्री ओढून शर्ट कापला, साबणानं अंग धुऊन काढलं. माणूस वाचला. सरांनी टीमचं कौतुक केलं.

पुढच्या सरावाला सरांनी पुन्हा मामांनाच बोलावलं. मामा हात पुसत म्हणाले, "मी नाही झोपत, सर. मी झोपलो का तुमचा पेशंट मरते."