यमुनाताईंनी वाटलेली पाकिटं

निवडणुकीचा निकाल लागला की यमुनाताई गोगट्यांचं काम सुरू व्हायचं. बाकीचे लोक कोण जिंकलं ते बघतात; या बाई कोणी कशावर किती खर्च केला ते बघायच्या. इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे विलायतेतल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात जाऊन उमेदवारांच्या खर्चाचे कागद मागायचे, प्रचारात उतरलेल्या संस्थांचे मिळतील तेवढे मिळवायचे आणि एका पानात सगळं मराठीत लिहून आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं. ‘या संस्थेला सगळ्या शहराची काळजी आहे म्हणे, मग निम्मी पत्रकं एकाच उमेदवाराच्या चार रस्त्यांवर कशी पडली?’ असं खोचक. आम्ही चिडवायचो, की ताई, तुम्ही देवळातली दानपेटीसुद्धा उलटी करून बघाल.

सवय जुनी होती. तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली. दुसऱ्याने मोजलेल्या गोळ्या स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय खिडकीबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. अपवाद एकच, डॉक्टर श्रीनिवास केतकर. ताईंचे यजमान गेले तेव्हा हा माणूस आठ दिवस घरदार सोडून त्यांच्यासाठी राबला होता. तेव्हापासून, म्हणजे एकवीस वर्षं, ताई त्याला भाऊबीजेला ओवाळत आल्या होत्या. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

आमच्या वॉर्डातली लायब्ररी बंद करायचं घाटत होतं. ताईंनी बचाव समिती काढली. आम्ही बायकांनी दिवाळीचा फराळ विकून पैसे उभे केले. माझाच आठ किलो चिवडा त्यात आहे. ताई सेक्रेटरी, श्रीनिवास खजिनदार. मे महिन्यातल्या निवडणुकीआधी घरोघर पत्र पाठवायचं ठरलं. ताईंची अट एकच: पत्र फक्त लायब्ररीबद्दल, कोणत्याही उमेदवाराचं नाव नको. कारण श्रीनिवासचा मुलगा अंबरीश आमच्याच वॉर्डात उभा होता. समोर पॉलीन मार्श, आमच्याच रस्त्यावर राहणारी जुनी कौन्सिलर, लायब्ररीसाठी कौन्सिलमध्ये भांडलेली एकटी बाई.

“अर्थात! हे काय सांगायला हवं?” श्रीनिवास म्हणाला. मजकूर आणि छपाई त्यानेच अंगावर घेतली होती.

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर ताईंनी मजकूर तीनदा वाचला असता. पण भावाकडे मसुदा कसा मागायचा? पत्रं छापून, पाकिटात घालून, पाकिटं चिकटवूनच आली. ताईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि चार दिवसांत साडेतीनशे घरांत टाकली. एकही उघडून पाहिलं नाही. स्वतःच्या आणि माझ्या घरात तर टाकलंच नाही, पाकीट वाया कशाला घालवायचं म्हणून.

अंबरीश त्रेचाळीस मतांनी निवडून आला.

आता नेहमीचं पान लिहायचं, तर सुरुवात आपल्याच समितीपासून करावी, असं ताईंना वाटलं. श्रीनिवासकडे बिल मागितलं, तर तो हसला. “अगं, आपल्यात कसल्या पावत्या?” पान अर्धं राहिलं म्हणून ताईंना चैन पडेना. शेवटी मला घेऊन एजवेअरच्या प्रिंटरकडे गेल्या. त्याने बिलाची प्रत दिली आणि नमुना म्हणून एक पाकीटही दिलं.

दुकानातच उभ्याने त्यांनी ते फोडलं. पॉलीन मार्शने लायब्ररी बंद करायच्या बाजूने मत दिलं, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. धडधडीत खोटं. शेवटी कायद्याप्रमाणे प्रकाशकाचं नाव हवं, ते होतं: यमुना गोगटे. ताईंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचला. मला म्हणाल्या, “अलका, मला जरा बसू दे गं.”

तिथून आम्ही सरळ श्रीनिवासच्या घरी. तो चहा टाकायला उठला.

“चहा नको. हे तू लिहिलंस?”

“अगं, कॅम्पेन असंच असतं. अंबरीश आत गेला म्हणजे लायब्ररी सेफच झाली ना? एंड रिझल्ट बघ.”

“आणि खाली माझं नाव?”

“सेक्रेटरी तू आहेस. लीगली कोणाचं तरी लागतंच. डोन्ट मेक इट पर्सनल.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, डॉक्टर, आमच्या चिवड्याच्या पैशांत तुम्ही मुलाची खुर्ची विकत घेतलीत. ताईंनी मला हाताने थांबवलं. त्याला एवढंच म्हणाल्या, “तू मागितलं असतंस तर अंबरीशसाठी मी माझे पैसे दिले असते रे.” आणि उठल्या. बसमध्ये रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या माणसाचा मला आजही तिटकारा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पान पुरं करून ग्रुपवर टाकलं. खर्च, बिल, खोटं वाक्य, स्वतःचं नाव, काहीही लपवलं नाही. कौन्सिललाही कळवलं. मंडळातल्या निम्म्या लोकांनी बोलणं सोडलं. घरातली भांडणं चव्हाट्यावर आणली म्हणे.

मग ताई पॉलीनकडे निघाल्या. एकटं जायचं धाडस नव्हतं, म्हणून मी बरोबर. पॉलीनने आत बोलावलं, बसवलं. ताई म्हणाल्या, पत्र मी वाचलं नव्हतं, तरी मीच वाटलं, तुमच्या दारातही मीच टाकलं. मला माफ करा.

पॉलीन शांतपणे म्हणाली, “हे खोटं आहे, असं मी दारोदार जाऊन सांगितलं, फक्त तुम्हा दोघींची दारं सोडून. प्रत्येक दारात मला एकच उत्तर मिळालं. यमुनाचं नाव आहे, म्हणजे तिने तपासलेलं असणार.”